जंबेरीच्या पन्हेरीतली मर: या चुका टाळा

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड, शेंदूरजनाघाटकडच्या पन्हेऱ्यांत (रोपवाटिकांत) जंबेरीच्या, म्हणजे ज्यावर संत्र्याचे कलम बांधतात त्या खुंटाच्या, रोपांना मर लागली की पहिला हात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पुडीकडे जातो. पैसे तिथेच वाया जातात. मर आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) घडवणारी फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नाही. तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि कार्बेन्डाझिम तिच्यावर चालतच नाही. रोपे मारणाऱ्या पिथियमचेही तसेच. मर आणणारी रायझोक्टोनिया मात्र खरी बुरशी, तिच्यावर ते चालते. म्हणून पुडी फोडण्याआधी रोप उपटून पाहा.

वाफ्यातल्या कोवळ्या रोपाचा बुंधा मातीलगत पाणचट होऊन सुतासारखा बारीक झाला असेल तर पिथियम किंवा फायटोफ्थोराचा संशय घ्या. तिथेच कोरडा, खोलगट, तांबूस-तपकिरी डाग असेल तर रायझोक्टोनिया. पिशवीतल्या मोठ्या रोपाची तंतुमुळे धुऊन दोन बोटांत धरून हलकेच ओढा. साल मोज्यासारखी निघून आली आणि आत पांढरा दोरा उरला, तर ती फायटोफ्थोराची मूळकूज समजा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे रोप मलूल दिसले म्हणून पाणी वाढवणे. मुळे कुजल्यामुळे रोपाला पाणी ओढता येत नाही, माती मात्र ओलीच असते. साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोराचे बीजाणू शेपट्या हलवत पोहतात आणि शेजारच्या मुळापर्यंत पोचतात. काळ्या भारी मातीत तर एका पावसात अख्खा वाफा धोक्यात येतो. वाफे किमान 15 सेंमी उंच करा. पिशव्या थेट जमिनीवर न ठेवता खडीच्या थरावर ठेवा, नाहीतर खालच्या भोकांतून रोग वर चढतो. जुन्या बागेतून वाहून आलेले पाणी शेततळ्यात साठत असेल, तर ते पन्हेरीला देऊच नका. तीच गोष्ट जुन्या संत्राबागेतल्या मातीची. ती पिशवीत भरली की रोगही भरला गेला.

बियाण्यासाठी खाली पडलेली फळे गोळा करणे सोपे असते, पण मातीला टेकलेल्या फळांतूनच रोग येतो. फळे झाडावरूनच तोडा. बी 52 अंश सेल्सिअस पाण्यात 10 मिनिटे ठेवा, लगेच थंड पाण्यात काढा आणि सावलीत सुकवा. थर्मामीटर नसेल तर हा उपाय करू नका, अंदाजाने बी उकडून जाते.

मातीतला रोग मारायला मे महिन्याच्या उन्हात वाफ्याची माती तापवताना काळे प्लॅस्टिक किंवा कोरडी माती चालत नाही. वाफा आधी भिजवा, 25 मायक्रॉनचे पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने बुजवा आणि 4 ते 6 आठवडे तसेच ठेवा. नंतर त्यात बाहेरची माती मिसळली तर मेहनत फुकट.

रोग आलाच तर मेटॅलॅक्झिल 8 टक्के + मॅन्कोझेब 64 टक्के हे मिश्रण लिटरमागे 2.5 ग्रॅम घेऊन मुळाशी ओता. पण दर वेळी तेच नको. एकाच औषधाच्या वापराने त्याला दाद न देणारे प्रकार तयार होतात. आलटून-पालटून फोसेटिल-एएल, तेही लिटरमागे 2.5 ग्रॅम, वापरा. ते तांब्याच्या औषधात मिसळू नका, पाने करपतात. मॅन्कोझेब ओतले त्याच दिवशी ट्रायकोडर्मा टाकणे म्हणजे आपलीच मित्रबुरशी मारणे.

कलम करताना संत्र्याचा डोळा (कळी) जंबेरीवर जमिनीपासून 22 ते 25 सेंमी उंचीवर बांधा. वरचा संत्रा डिंक्याला बळी पडतो. बुटकी कलम लवकर तयार दिसते, पण पावसाचे शिंतोडे थेट डोळ्याच्या सांध्यावर बसतात.

एक कळकळीची विनंती: औषध ओतून टवटवीत झालेली रोगट लॉट विकू नका. औषधाने रोग दबतो, मुळातून जात नाही, आणि घेणाऱ्याच्या बागेत तो पुढे डिंक्या होऊन निघतो. कलमा घेणाऱ्यांनीही दहा-बारा पिशव्या फाडून, मुळे धुऊन पाहिल्याशिवाय गाडी भरू नये.