अद्भुतकथेचे ऑडिओबुक निवडताना आवाज कसा पारखावा

श्रावणात गावच्या देवळात ‘नवनाथ भक्तिसारा’चे पारायण लागते, तेव्हा ४० अध्याय तेच असतात आणि ओव्याही त्याच असतात, तरी पोथीवर आज कोण बसणार आहे, हे विचारूनच बरीच मंडळी घरून निघतात. एकाच्या वाचनात मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात पोहोचेपर्यंत अर्धा मंडप पेंगलेला असतो. दुसरा वाचायला बसला, की मृदंगातून गोरक्षाची हाक उमटते त्या ठिकाणी म्हाताऱ्यांची सुपारी अडकित्त्यातच राहते. अद्भुत गोष्ट कानाने ऐकण्याची सवय आपल्याकडे अशी जुनी आहे. ऑडिओबुक ऐकवणारे स्टोरीटेल हे ॲप २०१७ मध्ये मराठीसह भारतात आले, पुढच्या वर्षी तसेच ऑडिबल आले, आणि पोथीवर कोण बसणार हा प्रश्न मोबाईलवर येऊन ठेपला. तो विचारावा कसा, हे मी तीन-चार हिवाळे रात्री शेत राखताना, जागलीत, थोडेफार शिकलो. ते येथे क्रमाने सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सामाजिक कादंबरीत विहीर, बैलजोडी, तहसील कचेरी असे शब्द आले की वाचणारा कसाही असला तरी चित्र आपण आपल्या अनुभवातून भरून घेतो. अद्भुतकथेत, म्हणजे फँटसीमध्ये, ती सोय नसते, कारण तिथले राज्य, नद्या, प्राणी, देव आणि शिव्यासुद्धा लेखकाने नव्याने घडवलेल्या असतात. छापील पुस्तकात निदान सुरुवातीला नकाशा असतो, शेवटी नावांची यादी असते, आणि गोंधळ झालाच तर चार पाने मागे जाता येते. ऐकणाऱ्याला यातले काहीच हाताशी नसते. त्याच्यासाठी नकाशा, यादी आणि पानाची खूण ही तिन्ही कामे एकटा निवेदक करतो. म्हणून माझा सल्ला असा, की अद्भुतकथेच्या बाबतीत पुस्तकाच्या आधी निवेदक निवडावा.

मालिका एकाच आवाजात आहे का, हे पाहावे

फँटसी बहुधा एका पुस्तकात संपत नाही. त्यामुळे पहिला भाग घेण्यापूर्वीच पुढच्या भागांच्या पानांवर जाऊन निवेदकाचे नाव तपासावे. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या पुस्तकासाठी रॉय डॉट्रिस या ब्रिटिश नटाने एकट्याने २२४ पात्रांना आवाज दिले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच मालिकेचा चौथा भाग मात्र २००५ मध्ये जॉन ली यांच्या आवाजात आला. पाचव्या भागाला डॉट्रिस परतले, पण मध्ये वर्षे गेली होती. काही नावांचे उच्चार आणि काही पात्रांचे आवाज पूर्वीसारखे उरले नाहीत, अशी श्रोत्यांची तक्रार झाली. एवढ्या कसबी माणसाचे असे होते, यातच या कामाची अवघड बाजू दिसते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात पात्र म्हणजे त्याचा आवाजच असतो, आणि आवाज बदलला की ओळखीचा माणूस गाव सोडून गेल्यासारखे वाटते.

दोन निवेदकांची पुस्तकेही असतात. ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेत मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या पती-पत्नींनी प्रकरणे वाटून घेतली आहेत. कथा पुरुषाच्या नजरेतून चालली असेल तर क्रेमर वाचतात, स्त्रीच्या नजरेतून असेल तर रीडिंग. येथे एकाच पात्राचे दोन आवाज कानावर येतात, आणि सुरुवातीचे काही तास ते खटकतात. मला स्वतःला ही पद्धत नंतर आवडू लागली, कारण प्रकरण सुरू होताच आपण कोणाच्या डोक्यात शिरलो आहोत हे पहिल्याच वाक्यात कळते. याउलट लिब्रिवॉक्ससारख्या मोफत संग्रहात स्वयंसेवक वाचतात, आणि काही पुस्तकांत दर प्रकरणाला वाचणारा नवा असतो. स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या अद्भुतकथा तिथे भरपूर मिळतात. फक्त अनेकांनी मिळून वाचलेली आवृत्ती सोडून एकाच माणसाने वाचलेली घ्यावी.

नमुना नेमका कुठे ऐकावा

ऐकायला दिलेला नमुना बहुधा पुस्तकाच्या आरंभीचा असतो, आणि आरंभ म्हणजे बहुतेक वेळा धुके, डोंगर आणि एखादे जुने भाकीत. असा मजकूर कोणीही भारदस्त आवाजात वाचू शकतो. खरी परीक्षा संवादात होते. सदस्यत्व असेल तर तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातला, तीन-चार पात्रे एकत्र बोलत असतील असा भाग शोधून पाच मिनिटे ऐकावा आणि डोळे मिटावे. ‘असे तो म्हणाला’ हे शब्द येण्यापूर्वी कोण बोलले ते ओळखता आले, तर निवेदक कामाचा आहे.

त्याच पाच मिनिटांत आणखी एक गोष्ट कळते. पुरुष निवेदक स्त्रीपात्रांसाठी आवाज पातळ आणि किनरा करतो काय, किंवा स्त्री निवेदक राक्षसासाठी घसा खरवडते काय, हे ऐकावे. चांगला कीर्तनकार द्रौपदीचे बोलणे सांगताना बाईचा आवाज काढत नाही. तो गती जरा बदलतो, स्वर किंचित खाली आणतो, आणि समोरच्या बाया पदर डोळ्यांना लावतात. आमच्या पूर्वेकडे झाडीपट्टीतली नाटके रात्रभर चालतात आणि तिथे नटाला शेवटच्या ओळीपर्यंत आवाज फेकावाच लागतो. पण ते नाटक पहाटे संपते. ऑडिओबुक तीस तासांचे असू शकते, आणि तीस तास कानात ओरडणारा माणूस कोणाला सोसवेल? अभिनय थोडा कमी असलेला निवेदक लांबच्या प्रवासाला बरा, असे माझे मत आहे.

बोलीची पारख

इंग्रजी फँटसीत बुटक्या खाणकऱ्यांना स्कॉटिश ढंगाची इंग्रजी देण्याची रीत इतकी रुळली आहे, की ती आता कोणाला खटकत नाही. मराठीत अशीच एक रीत पडू पाहते आहे, आणि ती मला खटकते. राजा, ऋषी आणि नायक शुद्ध प्रमाण मराठीत बोलतात. दारावरचा पहारेकरी, चोर किंवा भित्रा सोबती तेवढा ‘ग्रामीण’ बोलतो. हे ग्रामीणही कोणत्याच गावचे नसते. थोडे कोल्हापूर, थोडे सातारा आणि वर कुठेतरी ‘काऊन’ पेरलेले, असा तो काला असतो. वऱ्हाडी खरी असेल तर तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘डोळे’चे ‘डोये’ होतात, ‘मला’चे ‘मले’ होते, आणि हे वाक्यावाक्यात सारखे टिकते. निवेदकाने बोली वापरली असेल तर ती पहिल्या प्रकरणात जशी आहे तशीच दहाव्यात आहे का, हे तपासून पाहावे. टिकली नसेल तर त्याने ती हशासाठी उसनी आणलेली असते. आणि मंत्र जाणणारी म्हातारी वऱ्हाडीत बोलली तर तिचा दरारा कमी होईल असे ज्याला वाटते, त्याने आमच्याकडची एखादी सुईण ऐकलेली नसावी.

नावांची वही

पहिल्या दोन तासांत एक लहान वही जवळ ठेवावी. नाव ऐकले की ते जसे ऐकू आले तसे देवनागरीत लिहावे, आणि पुढे दोन शब्दांत खूण करावी: ‘खोकणारा म्हातारा’, ‘नदीकाठची राणी’. इंग्रजीतले मूळ स्पेलिंग शोधण्याच्या भरीस सुरुवातीला पडू नये, कारण मग डोळ्यांतले नाव आणि कानातले नाव यांचे भांडण सुरू होते. देवनागरीची मोठी सोय अशी, की उच्चार हीच तिची जोडणी असते. निवेदकाने जो आवाज काढला तोच वहीत उतरतो. समजा, एका राजाचे नाव ‘एल्दारिन’ आणि त्याच्या वैऱ्याचे ‘एल्दोरान’ आहे. छापील पानावर नजर त्यांना वेगळे ओळखते, कानाला मात्र पहिले दहा-वीस प्रसंग फसवतात. चांगला निवेदक येथे मदत करतो: एकात ‘दा’वर जोर देतो, दुसऱ्यात ‘रा’ लांबवतो, आणि शेवटपर्यंत तो जोर ढळू देत नाही.

वहीसुद्धा नको असलेले श्रोते असतात. माझी आत्या दुपारी ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत असते, आणि मी मोबाईल खांबाच्या खुंटीला टांगून ठेवतो. सुपाच्या सळसळीत अर्धे शब्द तिला ऐकूही येत नाहीत. एक दिवस पाखडता पाखडता तिचा हात थांबला, दाणे सुपात तसेच राहिले, आणि तिने विचारले, “हा सकायचाच बुढा होय ना रे? नाव नाई मालूम मले, पन श्वास तसाच घेते.” तो सकाळच्याच प्रकरणातला म्हातारा जादूगार होता, आणि लेखकाने त्याला वेशांतर करून, नाव बदलून आणले होते. कथेतल्या कोणालाच तो अजून ओळखू आला नव्हता. निवेदकाने वाक्याआधीचा तो अडखळता श्वास तेवढा कायम ठेवला होता. मी वही घेऊन बसलो होतो आणि मला ते कळले नव्हते.

गती, आवाज आणि जागा

इंग्रजी ऑडिओबुकमध्ये एका तासात साधारण ९,००० ते ९,५०० शब्द वाचले जातात. ज्याची इंग्रजी शाळेतली आहे त्याने गती ०.८५ पट करावी. त्याखाली गेल्यास निवेदक प्यायल्यासारखा वाटू लागतो. मराठी पुस्तक १.२५ पटीवर ऐकायला हरकत नाही, पण अद्भुतकथेत निवेदकाने मुद्दाम घेतलेला थांबा हा कथेचाच भाग असतो, आणि गती वाढवली की तो थांबा आखडतो. इंग्रजीतून प्रथमच ऐकणाऱ्याने मराठी अनुवादात किंवा पडद्यावर आधीच भेटलेली गोष्ट निवडावी, म्हणजे लक्ष कथानक पकडण्यात खर्ची पडत नाही आणि निवेदकाची करामत दिसते.

जागेचा विचार न केल्याची किंमत मी मोजली आहे. पौषातली रात्र होती, हरभऱ्याचे घाटे भरले होते आणि मी माळ्यावर जागलीला बसलो होतो. दोन्ही कानांत इअरफोन होते. निवेदकाने चेटकिणीसाठी आवाज अगदी कुजबुजीपर्यंत खाली आणला, म्हणून मी तो मोबाईलवर वाढवला. पुढच्याच मिनिटाला वेढा पडला, नगारे वाजले, सैन्य ओरडू लागले, आणि मी त्या गडाच्या तटावर इतका गुंतलो की पलीकडच्या धुऱ्याने रानडुकरे वावरात शिरली ते मला कळलेच नाही. सकाळी धुऱ्यालगतच्या चार-पाच ओळी उकरलेल्या दिसल्या. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी नुसते कानाकडे बोट दाखवले.

तेव्हापासून जागलीला एकच कान वापरतो. कुजबुज आणि आरोळी यांत फार अंतर ठेवणारा निवेदक शांत खोलीत सुरेख वाटतो. वावरात, चुलीपुढे किंवा चालत्या एसटीत तो त्रासाचा ठरतो. एसटीत तर खर्जातले आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडतात आणि खलनायकाची सगळी धमकी वाया जाते. प्रवासासाठी स्वच्छ व्यंजने असलेला, मध्यम पट्टीतला निवेदक घ्यावा, आणि खर्जवाला रात्रीच्या अंथरुणासाठी राखून ठेवावा. पुस्तक तालुक्याच्या गावी चांगल्या नेटवर्कवर आधीच उतरवून घ्यावे, कारण लढाईच्या मध्यावर अडकलेली कथा पुन्हा त्याच रंगात येत नाही. ६४ केबीपीएसची फाइल बोलण्यासाठी पुरेशी स्पष्ट असते आणि तासाला सुमारे २९ एमबी जागा घेते, म्हणजे तीस तासांचे पुस्तक एक जीबीच्या आत बसते.

सोडावे केव्हा

नव्या निवेदकाला दोन तास द्यावेत. कान नव्या आवाजाला लगेच सरावत नाही, आणि पहिल्या वीस मिनिटांत नकोसा वाटलेला एक घोगरा निवेदक आज माझा सर्वांत आवडता आहे. दोन तासांनंतरही तुम्ही वाक्ये मनातल्या मनात दुरुस्त करत असाल, तर ते पुस्तक सोडून द्यावे किंवा कागदावर वाचावे. कथा वाईट आहे असा निष्कर्ष मात्र काढू नये. मी असे सोडलेले एक पुस्तक पुढे दुसऱ्या निवेदकाच्या आवाजात मिळाले, आणि या हिवाळ्यात ते सलग दोनदा ऐकले. आत्याने तिसऱ्यांदा लावायला सांगितले आहे, पण तिची अट आहे की ज्वारी संपल्यावर, तूर पाखडायला घेतली की मगच, कारण तुरीचा आवाज कमी होतो.