धूसर घरगुती फोटो स्क्रॅपबुकच्या पानावर कसे बसवावेत

माझ्या भावाच्या मुंजीतील मातृभोजनाचा आमच्याकडे एकच फोटो आहे. मामांनी मांडवातल्या अपुऱ्या उजेडात तो फ्लॅशशिवाय काढला. त्यात ताट, पाट आणि भोवतीची रांगोळी स्पष्ट दिसते, मात्र घास भरवणारा आईचा हात आणि तिचा चेहरा हललेला आहे. डिजिटल स्क्रॅपबुक करायला घेतले तेव्हा हा फोटो वगळणे शक्यच नव्हते, आणि तो 'सुधारण्या'च्या नादात मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या.

म्हणून पहिली गोष्ट ही, की फोटोचा दोष नेमका कोणता आहे ते आधी ओळखावे. फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात उघडून पाहावा. स्थिर वस्तू रेखीव आणि माणूस पुसट असेल तर माणूस हललेला आहे. सगळ्याच कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील तर कॅमेरा हललेला आहे. चेहरे मऊ आणि मागची भिंत स्वच्छ असेल तर फोकस चुकलेला आहे. कडा जागच्या जागी असूनही सगळ्यावर दुधी पडदा आल्यासारखे वाटत असेल, तर फोटो केवळ फिकट झालेला आहे. हा शेवटचा दोष बराचसा दुरुस्त होतो, कारण त्यात तपशील शिल्लक असतो. हललेल्या फोटोत तो मुळात नीट टिपलाच गेलेला नसतो.

स्कॅन करण्यापूर्वी स्कॅनरची काच मऊ कोरड्या कापडाने पुसावी, कारण पुष्कळदा धूसरपणा फोटोचा नसून काचेवरच्या धुळीचा असतो. पावसाळी दमटपणामुळे फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये. चौकट उतरवून काचेसकट स्कॅन करावा. साधारण पोस्टकार्डाएवढ्या फोटोला 600 डीपीआय (दर इंचातील ठिपके) पुरेसे आहे आणि पासपोर्ट आकाराच्या फोटोला 1200 ठेवावे. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा, म्हणजे पिवळे डाग नंतर वेगळे काढणे सोपे जाते. मूळ फाइल टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात जपून तिच्या प्रतीवरच काम करावे, कारण जेपेग फाइल प्रत्येक वेळी बदलून साठवताना थोडी थोडी बिघडत जाते. नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे.

फिकट फोटोसाठी गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधील 'लेव्हल्स' हे साधन पुरेसे आहे. त्यात फोटोतील गडद-उजळ छटांचा आलेख असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना रिकामी जागा दिसते. आलेखाखालचे काळा आणि पांढरा हे त्रिकोण, आलेख जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथपर्यंत सरकवले की दुधी पडदा उतरतो. त्यानंतरही फोटो मवाळ वाटला तर लेयरची (फोटोच्या थराची) प्रत करून तिला 'सॉफ्ट लाइट' मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, द्यावा आणि तिची ओपॅसिटी (अपारदर्शकता) तीस-चाळीस टक्क्यांवर आणावी. जुन्या रंगीत फोटोंवर लालसर झाक आली असेल आणि ती काढताना चेहरे हिरवट पडू लागले, तर हट्ट सोडून फोटो सरळ कृष्णधवल करावा.

हललेल्या फोटोचा खरा उपाय म्हणजे तो लहान ठेवणे. फोटो एक तृतीयांश केला की बारा पिक्सेलचा पुसटपणा चार पिक्सेलचा होतो, आणि तेवढा डोळ्याला फारसा खटकत नाही. बारा इंची चौरस पान 300 डीपीआयने छापायचे तर ते 3600 पिक्सेलचे असते. जुन्या मोबाइलवरचा 640 बाय 480 चा फोटो त्यावर जेमतेम दोन इंच रुंद बसतो. तो तेवढाच ठेवावा, भोवती रुंद पांढरी किनार द्यावी आणि शेजारी स्पष्ट असलेल्या एखाद्या वस्तूचा मोठा फोटो लावावा. कडा धारदार करणारे 'अनशार्प मास्क' अगदी शेवटी, छपाईच्या आकारात आणल्यावर आणि बेताने वापरावे. चेहरे आपोआप स्पष्ट करून देणाऱ्या अ‍ॅपबद्दल माझे मत चांगले नाही: ती हरवलेला तपशील शोधत नाहीत, अंदाजाने नवा रचतात. माझ्या आईला अशा एका अ‍ॅपने जे डोळे दिले, ते आमच्या घरात कोणाचेच नव्हते.

धूसर फोटोला पार्श्वभूमी करण्याचाही एक मार्ग आहे. फोटो पानभर पसरून ओपॅसिटी वीस टक्क्यांपर्यंत उतरवावी, खाली कागदाच्या पोताचा लेयर ठेवून फोटोला 'मल्टिप्लाय' मोड द्यावा आणि वर मजकूर लिहावा. पोतामुळे दाणेदारपणा झाकला जातो. मजकुरात मात्र फोटोत न दिसणारे लिहावे, म्हणजे कोण कुठे बसले होते, फोटो कोणी काढला, नंतर काय झाले. फोटोच्या पाठीमागे काही लिहिलेले असेल तर ती बाजूही स्कॅन करून पानावर घ्यावी.

मुंजीच्या पानावर मी शेवटी रांगोळी आणि ताट एवढाच भाग कातरून मोठा लावला आणि पूर्ण फोटो अडीच इंचांचा, कृष्णधवल, उजवीकडे खाली ठेवला. त्याखाली आईचेच वाक्य आहे: "हा खात नव्हता, म्हणून मी पुढे वाकले होते."