पहाटेची उदबत्ती

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचावर, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीची पहाट झोंबते. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी शेजाऱ्यांच्या घरातल्या फटी शोधायला तेव्हाच जावं. आत-बाहेरच्या तापमानात फरक जास्त असतो, म्हणून फटीतून वाहणारी हवा लगेच कळते. (चहा मिळतो, ते वेगळं.) पंखा बंद करून पेटती उदबत्ती दाराखाली, खिडकीच्या चौकटीशी, कौलं भिंतीला टेकतात तिथं धरा. पडद्यापासून लांब. धूर आत वळला तर गार वारा शिरतोय, बाहेर ओढला गेला तर ऊब निसटतेय. दाराखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी पुरते, चौकटीला फोमची पट्टी. चुलीचं धुराडं मात्र बुजवू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.