जुन्या मसल कारचे सुटे भाग: आधी नंबर वाचा, मग बाजारात जा

साठ-सत्तरच्या दशकातील अमेरिकन मसल कार (दमदार इंजिनाची वेगवान गाडी) दुरुस्तीला घेतल्यावर सुट्या भागांची यादी करण्याआधी गाडीवरचे सगळे नंबर उतरवून घ्यावेत. सतरा अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. शिवाय एवढ्या वर्षांत इंजिन बदललेले असण्याची शक्यता दाट असते, म्हणून कागदपत्रांपेक्षा लोखंडावर भरवसा ठेवावा. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक (लहान बांध्याच्या व्ही-८) इंजिनाचा कास्टिंग नंबर, म्हणजे ओतकामातच उमटवलेला नंबर, मागे, गिअरबॉक्स बसतो त्या कडेवर, चालकाच्या बाजूला असतो आणि तेल-मातीचा थर तारेच्या ब्रशने खरवडल्याशिवाय तो दिसत नाही. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते: ‘सी १२ ९’ म्हणजे (सी हे तिसरे अक्षर, म्हणून तिसरा महिना) १२ मार्च आणि वर्षाचा शेवटचा अंक ९. ते १९५९ की १९६९, हे कास्टिंग नंबरवरून ठरते.

नंबर हाती आला की शोधाचे क्षेत्र वाढते. शेवरले शेवेल, पॉन्टिॲक जीटीओ आणि ओल्ड्समोबाइल ४४२ या जनरल मोटर्सच्या एकाच ए-बॉडी नावाच्या सांगाड्यावरच्या गाड्या असल्याने सस्पेन्शन आणि ब्रेकचे अनेक भाग एकमेकींना चालतात. इंजिने मात्र निरनिराळी आहेत. टर्बो ४०० हा गिअरबॉक्स शेवरले आणि पॉन्टिॲक दोन्हीकडे मिळत असला, तरी शेवरलेसाठी ओतलेल्या केसिंगची बोल्टची छिद्रे पॉन्टिॲकच्या ब्लॉकशी जुळत नाहीत. नुसत्या नावावर खरेदी करणारे इथेच फसतात.

कंपनीचा जुना, न वापरलेला भाग मिळाला तर क्रोमपट्टी किंवा दिव्याची काच जरूर घ्यावी. पण ब्रेकचा रबरी होज खोक्यात पडूनही जुनाच होतो, तो नवाच हवा.

दुरुस्तीत भाग बदलण्याआधी बिघाडाचे मूळ शोधावे. १९६५ ते १९६८ च्या मस्टँगचा पायाखालचा पत्रा गंजलेला आढळला, तर नवा पत्रा जोडण्याआधी काचेपुढच्या जाळीत पाणी ओतून आतून टॉर्चने पाहावे, कारण हवा आत घेणाऱ्या तोंडाभोवतीचा पत्रा सडून तिथूनच पाणी झिरपत असते. तेवढे सोडून केलेले वेल्डिंग पुन्हा गंजणार. क्रायस्लरच्या त्या काळातील अनेक गाड्यांत डाव्या चाकांच्या स्टडचे आटे उलटे असतात; नट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी स्टडच्या टोकावर ‘एल’ आहे का ते पाहावे.

मूळपणाचा आग्रह ब्रेकच्या बाबतीत मी सोडायला सांगेन. १९६७ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत एकच ब्रेक सर्किट असते आणि एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्याऐवजी दोन सर्किटांचा दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलात उतरवणारा भाग) बसवताना तो ड्रमसाठीचा आहे की डिस्कसाठीचा, याची खात्री करावी. ड्रमच्या लाइनमधला, थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनमध्ये राहिला, तर पॅड सतत घासत राहून डिस्क तापते.