माळा काढायचाय? आधी वस्तूंची ठिकाणं ठरवा

आमचं सासरचं घर जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत. गोदावरी हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं की खालच्या खोलीतलं सामान माळ्यावर न्यायचं, ही त्या घराची रीत. २००८च्या सप्टेंबरात नेलं, २ ऑगस्ट २०१६ला पुन्हा नेलं. पाणी ओसरलं की रोज लागणाऱ्या वस्तू खाली यायच्या, बाकीच्या वरच राहायच्या. सासूबाई गेल्या आणि घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा माळ्यावर पाणी तापवायचे दोन तांब्याचे बंब, सात ट्रंका, एक पाळणा, दोरीने बांधलेले होल्डॉल (प्रवासात अंथरूण गुंडाळून न्यायच्या वळकट्या) आणि पोत्यात भरलेली भांडी निघाली.

ते घर आम्ही तिघांनी आवरलं. मी, आमचे हे आणि माझ्या मोठ्या नणंदबाई. त्यानंतर नात्यातली आणखी चार घरं आवरायला गेले, इंदिरानगरचा दोन खोल्यांचा फ्लॅटही त्यातच आला. एवढ्या घरांतून एक गोष्ट पक्की कळली. वस्तू कुठे जाणार हे ठरलेलं असेल तर ती हातातून सुटते. ठरलेलं नसेल तर कितीही निश्चय करा, संध्याकाळी ती परत कपाटातच जाते.

पहिल्या दिवशी मी नणंदबाईंना प्रत्येक वस्तू दाखवून विचारत होते, "हे ठेवायचं की काढायचं?" उत्तर एकच, "राहू दे गं." त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आईची वस्तू 'काढ' कोण म्हणेल? दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. "वन्स, हा हंडा कासाराकडे द्यायचा, की तुमच्या सुनेला?" त्या लगेच म्हणाल्या, "सुनेला कशाला, ती कुठे वापरणार? कासाराला दे. कळशी मात्र मला." तासाभरात एक पोतं संपलं.

म्हणून सुरुवात वहीने करा. कपाटाला हात लावण्याआधी दोन-तीन दिवस फक्त चौकशी करा. वहीच्या प्रत्येक पानावर एक ठिकाण लिहायचं: भांडी बाजारातलं दुकान, रद्दीवाला, भंगारवाला, गोधडी शिवणाऱ्या बाई, वाचनालय, कामाच्या मावशी, गावाकडचे दीर, घंटागाडी. प्रत्येक ठिकाणी काय घेतात, काय घेत नाहीत, कोणत्या वारी, स्वतः न्यायला येतात की आपण पोचवायचं, एवढं विचारून घ्या. ही वही झाली की निम्मं काम झालं.

काळ निवडायचा तर अनंत चतुर्दशी ते घटस्थापना हा मला सगळ्यात बरा वाटतो. तसंही नवरात्राच्या आधी आपण अंथरुणं-पांघरुणं धुतो, भिंती झाडतो. शिवाय पितृपक्षात नवी खरेदी होत नाही, त्यामुळे एकीकडून काढा आणि दुसरीकडून भरा असं होत नाही. दिवाळीच्या तोंडावर हे काम काढू नका. तेव्हा घाई असते, आणि घाईत वस्तू फक्त जागा बदलतात.

पहिला दिवस सोप्या वस्तूंचा ठेवा: झाकण हरवलेले डबे, दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा, बंद पडलेले चार्जर, मुदत संपलेली औषधं. यात कुणाचा जीव अडकलेला नसतो आणि हाताला सवय होते. फक्त औषधं, बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट, पाऱ्याचे थर्मामीटर ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. वेगळ्या पिशवीत बांधून घंटागाडीवाल्यांना तोंडी सांगून द्या. काच कागदात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून. ती पिशवी कुणीतरी हाताने उचलणार असतं.

भांड्यांना मात्र वेळ द्या. नाशिकच्या जुन्या घरात तांब्या-पितळेचा साठा असतोच, आणि पैशाच्या हिशेबानेही अडगळीतली सगळ्यात मोलाची वस्तू बहुधा हीच. आधी अंगणात किंवा गॅलरीत सगळी भांडी मांडा आणि वेगळी करा. तांबं एकीकडे, पितळ एकीकडे, कांसं तिसरीकडे. कल्हईमुळे आतून सगळी सारखीच पांढरी दिसतात, म्हणून बुडाला चिंच चोळून रंग बघा. कांशाची वाटी बोटांच्या टोकावर धरून टिचकी मारली की नाद बराच वेळ घुमतो, पितळेचा लवकर विरतो. एक लोहचुंबक जवळ ठेवा. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड चिकटतं, खरं पितळ चिकटत नाही. हे वेगळं करणं महत्त्वाचं, कारण तांब्याचा भाव पितळेपेक्षा जास्त असतो आणि सगळं एकत्र तोललं तर पितळेचाच भाव लागतो.

मग घरीच वजन करा. मोठ्या भांड्यांसाठी माणसाचं वजन करायचा काटा चालतो: आधी स्वतःचं, मग भांडं हातात घेऊन. आकडे वहीत लिहा आणि दोन दुकानांत मोडीचा भाव विचारा. लोखंडी कडी, लाकडी मूठ, बुडाला साठलेला क्षार यांची घट दुकानदार धरतोच, ती योग्यच आहे. पण किती धरली ते विचारायचं. आमच्या मोठ्या बंबाच्या वेळी एका दुकानात नळी आणि जाळीसकट घट सांगितली ती मला जास्त वाटली. मी बंब उचलून दुसरीकडे नेला. तिथल्या वयस्कर कासारांनी आमच्यासमोर जाळी काढली, लोखंड बाजूला ठेवलं आणि फक्त तांबं तोललं. त्यांनी बंबाच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, हा ठोकलेला आहे. बघा, हातोडीचे डाग बोटाला लागतात." खरंच लागत होते. एवढी वर्षं घरात होता, पण मी तो कधी असा हाताने पाहिलाच नव्हता.

मोडीत घालण्याआधी प्रत्येक भांड्याची कड बघा. पूर्वी लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालायचे, टिंबाटिंबांनी कोरून. आमच्या एका पातेल्यावर सासूबाईंच्या मामांचं नाव आणि १९६१ साल होतं. एका परातीवर ज्यांचं नाव होतं ते कोण, हे घरात कुणालाच आठवेना. नणंदबाईंनी त्यांच्या आत्याला फोन लावला आणि नाव वाचून दाखवलं. ते गल्लीतले शेजारी होते. सासूबाईंच्या बाळंतपणात त्यांच्या घरून डबा यायचा. ती परात आम्ही ठेवली. कल्हई करून आणली आणि आता तिच्यातच कणीक मळते. ठेवायचं भांडं वापरात आणायचं, ही माझी अट आहे. माळ्यावर परत गेलं तर ते ठेवणं झालं नाही.

कपड्यांचे तीन ढीग करा. धड आणि घालण्याजोगे कपडे धुऊन, बटणं लावून, घडी करून द्यायचे. फाटका, मळका कपडा दुसऱ्या ढिगात, तो कुणाला देऊ नका. घेणारा नाही म्हणू शकत नाही आणि त्याचा मान जातो. बोहारणीला देणार असाल तर तेही चांगलंच. ती त्या कपड्यांची दुरुस्ती करून विकते, तिचं घर त्यावर चालतं, तेव्हा एका पातेल्यासाठी फार ओढाताण करू नये असं माझं मत. जरीचे शालू आणि पैठण्या तिसऱ्या ढिगात. जुन्या साडीतली जरतार बहुधा चांदीची असते, दारावर येणाऱ्याला ती अंदाजाने देऊ नका. नाशिकहून येवला जवळ आहे, विणकर पदर-काठ पाहून सांगतात की साडी दुरुस्त होण्यासारखी आहे की नाही.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. सासूबाईंची सुती नऊवारी लुगडी चौदा होती. पहिल्या वर्षात मी ती ट्रंक उघडलीच नाही, आणि तुम्हालाही जमत नसेल तर उघडू नका, घाई कुणाला आहे? वर्षश्राद्ध झाल्यावर मी आणि नणंदबाईंनी दुपारभर बसून एकेक लुगडं उलगडलं. पदराच्या गाठीत लवंगा सापडल्या, सासूबाई दात दुखायचा तेव्हा ठेवायच्या. एका घडीत ५००च्या तीन जुन्या नोटा होत्या, २०१६च्या नोटाबंदीत बदलायच्या राहिलेल्या. म्हणून प्रत्येक घडी पूर्ण उलगडा, खिसे, गाठी, ब्लाउजच्या घड्या चाचपा. (अशा जुन्या नोटा आठवण म्हणून ठेवायच्या तर दहापेक्षा जास्त ठेवू नका, कायद्याने तेवढीच मुभा आहे.)

दोन लुगडी नणंदबाईंनी घेतली, एक मी. उरलेल्या अकरांच्या गोधड्या शिवून घेतल्या. सुती आणि वापरून मऊ झालेलं कापडच गोधडीला लागतं, सिंथेटिक साडीत सुई नीट चालत नाही आणि थरही सरकतात. शिवणाऱ्या बाईंना कापड देण्याआधी धुऊन, वाळवून, विरलेला भाग कापून द्या. बाहेरच्या बाजूला कोणतं लुगडं हवं ते सांगून ठेवा. बाईंनी कडेपासून धावदोरा घालत आत यायला सुरुवात केली, तेव्हा नणंदबाई शेजारी बसून होत्या. हिरवं लुगडं वर आलं तेव्हा म्हणाल्या, "हे आईचं चैत्रगौरीचं." ट्रंकेत ठेवलं असतं तर त्याला कसर लागली असती. आता भाचीच्या बाळाच्या अंगावर असतं.

कागदांना सगळ्यात शेवटी हात लावा, आणि कधीही गठ्ठ्याने देऊ नका. मी एकदा वर्तमानपत्रांच्या मधे अडकलेलं खरेदीखत रद्दीत दिलं होतं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून नोंदवलेल्या दस्ताची प्रमाणित प्रत मिळते, पण दस्त क्रमांक आणि वर्ष ठाऊक नसलं की शोधण्यातच महिने जातात. आमचे गेले. तेव्हापासून एकेक पान उलटल्याशिवाय रद्दी घराबाहेर जात नाही. खरेदीखत, इंडेक्स टू (दस्ताच्या नोंदणीचा उतारा), सात-बारा, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला हे कायमचं. विजेची जुनी बिलं, संपलेल्या वॉरंटी, लग्नपत्रिकांचे गठ्ठे हे जाऊ द्या. पत्रिकेतली एखादी आवडली तर तेवढी ठेवा. ज्या कागदावर खाते क्रमांक, पॅन किंवा आधार आहे तो फाडून द्या.

जुने शेअर सर्टिफिकेट सापडले तर निकामी समजू नका. १ एप्रिल २०१९पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, पण ते डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात, करून घेता येतात. सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात, तिथूनही वारसांना मागता येतात. बँकेचं जुनं पासबुक सापडलं तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून बघा. दहा वर्षं न हललेल्या ठेवी तिथे शोधता येतात. चार आण्याची आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११पासून चलनात नाहीत. पोरांना खेळायला द्या किंवा एका डबीत ठेवा.

देवांच्या तसबिरी आणि भंगलेल्या मूर्ती लोक गोदाकाठी किंवा पिंपळाच्या पारावर ठेवून येतात. मला ते बघवत नाही. आठ दिवसांनी त्याच तसबिरीची काच पायाखाली येते. नाशिकमध्ये संपूर्णम सेवा फाउंडेशन ही संस्था अशा मूर्ती-तसबिरी गोळा करते, उत्तरपूजा करून काच, लाकूड, कागद वेगळे करते. घरी करायचं असेल तर नमस्कार करून फ्रेम उघडा, काच आणि लाकूड बाजूला काढा, चित्राचा कागद पाण्यात भिजवून लगदा करा आणि कुंडीच्या मातीत मिसळा. गुळगुळीत, चकचकीत कागद विरघळत नाही, तो मात्र सुक्या कचऱ्यातच द्यावा लागतो.

पुस्तकं द्यायची तर आधी फोन करून विचारा. सार्वजनिक वाचनालय १८४०पासून नाशकात आहे, म्हणून तिथे काहीही चालेल असं नाही. कसर लागलेली, पानं गळालेली पुस्तकं कुठलंच वाचनालय घेत नाही. यादी करून दाखवा, हवी ती ते सांगतील. शाळेची पुस्तकं एका इयत्तेनं लहान मुलाला थेट द्या.

फोटोंसाठी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. मागे पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. आमच्या अल्बममधल्या निम्म्या माणसांची नावं नणंदबाईंच्या आत्यांनाच माहीत होती.

नातेवाइकांना एकच निरोप द्या: अमुक रविवारपर्यंत हवं ते येऊन घेऊन जा. "माझ्यासाठी ठेव, नंतर नेते" म्हणणाऱ्याच्या वस्तूला चिठ्ठी लावा, तारीख घाला, आणि त्या तारखेला रिक्षाने त्याच्या घरी पाठवून द्या. भाडं आपण भरलं तरी स्वस्त पडतं. भावंडांत एका वस्तूवरून दोघं अडून बसली तर त्या दिवशी ती वस्तू बाजूला ठेवून पुढची घ्या.

शेवटी उरतात किल्ल्या. प्रत्येक घरात त्यांचा एक डबा असतो आणि "न जाणो कशाची असेल" म्हणून कुणी हात लावत नाही. घर पूर्ण रिकामं होईपर्यंत तो डबा तसाच ठेवा, मग प्रत्येक कुलपाला एकेक लावून बघा. लागली की दोऱ्याने त्याच कुलपाला बांधा. आमच्याकडे एकतीस निघाल्या, चार लागल्या. उरलेल्या सत्तावीस लोहचुंबकाने वेगळ्या केल्या, पितळेच्या भांडी बाजारात शेवटच्या खेपेबरोबर गेल्या, लोखंडी भंगारवाल्याने नेल्या.