गडावरची गर्दी म्हणजे तालुक्याचा विकास नव्हे: वारसा पर्यटनाचा अभ्यास करताना या चुका टाळा

जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आहे. त्यामुळे ‘वारसा पर्यटन आणि प्रादेशिक विकास’ या विषयावर प्रकल्प आणि प्रबंध होणारच, आणि ते व्हायलाही हवेत. पण त्याच त्या चुकांनी चांगला विषय वाया जातो, हे बघवत नाही.

माणसं गुणिले खर्च

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. पार्किंगच्या पावत्या मोजायच्या, गाडीमागे चार माणसं धरायची, प्रश्नावलीतून सरासरी खर्च काढायचा आणि गुणाकार करून ‘गडामुळे तालुक्यात इतके कोटी आले’ असं लिहून मोकळं व्हायचं.

समजा, पुण्याहून चौघांचं कुटुंब दोन दिवसांसाठी आलं. एकूण खर्च 9,000 रुपये. त्यातले 2,000 पेट्रोलचे, टाकी पुण्यातच भरलेली. महाबळेश्वरात मुक्काम आणि जेवणखाण 5,500. परतताना वाईत जेवण 900. प्रतापगडावर पार्किंग, पिठलं-भाकरी आणि मुलांसाठी लाकडी तलवार मिळून 600. तलवारीचे 250 घेतले, पण दुकानदाराने ती बाहेरच्या घाऊक बाजारातून 170 ला आणलेली. म्हणजे गडाच्या परिसरात राहिले फार तर 430. आता या कुटुंबाला विचारा, ‘प्रतापगड नसता तर आला असता का?’ उत्तर येतं, ‘महाबळेश्वरला आलोच असतो.’ मग गडाच्या नावावर लिहायचे ते हे 430, 9,000 नव्हेत. हेच कुटुंब दुपारी वाईला ढोल्या गणपतीपाशी आणि मग मेणवलीच्या घाटावर दुसऱ्या कुणाच्या प्रश्नावलीत सापडतं. तिथेही 9,000 लिहिले जातात. एकाच खर्चाची तीनदा बेरीज झाली.

प्रश्नावलीत चार गोष्टी हव्यातच: कुठून आलात, मुक्काम कुठे, मुख्य कारण काय, आणि कोणत्या गावात किती खर्च केला. खर्चाचा रकाना गावागणिक वेगळा ठेवा. स्थानिकांचा खर्च बाजूला काढा. सातारकर सज्जनगडावर गेला म्हणून जिल्ह्यात नवा पैसा येत नाही; तो पैसा जिल्ह्यात कुठेतरी खर्च होणारच होता. दहा-बारा दुकानदारांकडे बसून ‘हा माल कुठून येतो’ हे विचारून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळा अभ्यास यावरच उभा राहतो. ते टाळून परदेशातल्या अहवालातला गुणक (पर्यटकाच्या एका रुपयातून परिसरात एकूण किती उलाढाल होते, ते सांगणारा आकडा) उचलून चिकटवू नका.

‘प्रदेश’ म्हणजे काय, हे पहिल्याच पानावर लिहा: गाव, तालुका की जिल्हा? मिरजेचं उदाहरण घ्या. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण वाद्याचा भोपळा येतो मंगळवेढा-पंढरपूर भागातून, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातून. सांगली जिल्हा हाच प्रदेश धरला तर भोपळ्याचे पैसे बाहेर गेले. दक्षिण महाराष्ट्र धरला तर आतच राहिले. शिवाय अनेक वाद्यं कारागिराच्या दारात पर्यटक न येताच परगावी रवाना होतात. फक्त पर्यटक मोजणाऱ्याला मिरजेचा वारसा दिसतच नाही.

इंग्रजी महिन्यांची तुलना

‘गेल्या जानेवारीपेक्षा या जानेवारीत गर्दी वाढली’ हे वाक्य वाचलं की आधी पंचांग उघडावं. वाईजवळच्या मांढरदेवीच्या काळूबाईची मुख्य यात्रा पौष पौर्णिमेची. ही पौर्णिमा 2024 मध्ये 25 जानेवारीला आली, लगेच शुक्रवारी प्रजासत्ताक दिन आणि पुढे शनिवार-रविवार. 2026 मध्ये ती 3 जानेवारीला, नववर्षाच्या सुट्टीला खेटून. वाईतल्या हॉटेलांच्या खोल्या भरल्या त्या यात्रेने की सुट्टीने, हे महिन्याच्या आकड्यातून कळणार नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याचा उरूस हिजरी महिन्याप्रमाणे चालतो, त्यामुळे दर वर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो. अधिक महिन्याच्या वर्षी घोटाळा आणखी वाढतो.

उपाय साधा आहे. दर दिवसाच्या नोंदीपुढे तीन रकाने ठेवायचे: वार, तिथी, सुट्टी. तुलना यात्रेची यात्रेशी आणि साध्या मंगळवारची साध्या मंगळवारशी. प्रश्नावली किमान मे, पावसाळा, दिवाळीची सुट्टी आणि हिवाळ्यातले साधे दिवस अशा चार वेळांना भरून घ्यावी. एका रविवारी दोनशे अर्ज भरून आणणाऱ्याकडे दोनशे अर्ज असतात, वर्ष नसतं. व्हॉट्सॲपवर गुगल फॉर्म फिरवणं तर याहून वाईट: तो भरतात आपल्याच ओळखीचे लोक, आणि भाकरी विकणारी बाई त्यात कधीच येत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

साताऱ्याजवळच्या कास पठाराला सांस्कृतिक वारसा म्हणू नका. ते 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर नैसर्गिक वारसा म्हणून यादीत आलं.

‘यादीत आल्यावर गर्दी वाढली’ हे सांगायला 2020-21 हे टाळेबंदीचं वर्ष पाया म्हणून घेऊ नका. यादीत नसलेले दोन-तीन गडही त्याच प्रश्नावलीने, त्याच दिवसांत मोजा. दोन्हीकडे सारखीच वाढ असेल, तर ती यादीमुळे झाली असं म्हणता येत नाही. सातारा शहरातला अजिंक्यतारा या तुलनेला चालत नाही. सकाळी तो चढणारे पुष्कळसे सातारकर व्यायामाला आलेले असतात.

2011 च्या जनगणनेतली साताऱ्याची 30,03,741 लोकसंख्या आजची म्हणून छापू नका.

‘पर्यटनाने रोजगार वाढला असं आपल्याला वाटतं का?’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा: दुकानात किती माणसं, वर्षातले किती महिने, रोज किती मजुरीवर, आणि ती कोणत्या गावची. पावसाळ्यात दुकान बंद असेल तर ती माणसं तेव्हा काय करतात, हेही तिथेच लिहून घ्या.