पुढचा प्रश्न शोधताना जे ऐकायचं राहून जातं

पदव्युत्तर शिक्षण संपवून मानसोपचार करणारी थेरपिस्ट म्हणून पहिल्यांदा क्लायंटसमोर बसले, तेव्हा माझ्या वहीत प्रश्नांची यादी तयार होती. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा फार जीव. अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास सुरू केलेली ही पद्धत शिकताना सुटसुटीत वाटते: घटना, तिच्याबद्दलचा आपला समज आणि त्यातून उमटणारी भावना. समज अविवेकी असेल तर त्याला आव्हान द्यायचं. मी ते मनापासून करत होते, आणि एक बाई तिसऱ्या सेशननंतर यायच्या बंद झाल्या.

त्यांच्या लेखी संमतीनं केलेलं रेकॉर्डिंग सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर आपलं काम तपासताना, ऐकलं. (तपशील इथे बदलले आहेत.) ‘माझंच चुकलं असेल’ एवढं म्हणून त्या थांबल्या होत्या आणि मी लगेच विचारलं होतं, ‘याला पुरावा काय?’ सुपरवायझर मॅडमनी तेवढाच भाग पुन्हा लावला. मध्ये दोन सेकंदही गेले नव्हते. ‘त्या रडत होत्या का गं तेव्हा?’ मला आठवेना. मी वहीत पुढचा प्रश्न शोधत होते.

म्हणून या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना माझा पहिला आग्रह सुपरव्हिजनचा असतो. नोकरी निवडताना पगाराइतकीच त्याची चौकशी करा. आपण काय बोललो ते आठवतं. काय ऐकलंच नाही, ते दुसऱ्यालाच दाखवून द्यावं लागतं.

त्यानंतर मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स पुन्हा वाचले. बदल घडायला थेरपिस्टकडून काय लागतं, हे त्यांनी 1957च्या लेखात मांडलं: समोरच्याचं जग त्याच्या बाजूनं समजून घेणं, विनाअट स्वीकार आणि स्वतःचा खरेपणा. परीक्षेसाठी हे पाठ केलं होतं, पण पाळायला मात्र फार कठीण. एडवर्ड बॉर्डिन यांची 1979ची मांडणी रोजच्या कामात त्याहून जास्त उपयोगी पडते. ध्येय, त्यासाठी करायचं काम आणि दोघांमधला बंध, या तिन्हींवर उपचारातलं सहकार्य उभं असतं. सेशन अडलं की मी हेच तपासते. बहुतेकदा ध्येय माझंच असतं, क्लायंटनं नुसती मान हलवलेली असते.

एलिस किंवा त्यांच्यासारखीच विचार तपासणारी पद्धत मांडणारे बेक यांची तंत्रं मी सोडली नाहीत. नैराश्यात आणि चिंतेत ती खरंच कामी येतात. फक्त त्यांची वेळ ऐकून घेतल्यानंतरची.

नैराश्य तपासणारी पीएचक्यू-9सारखी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरायला लागाल, तेव्हा नववा प्रश्न घाईत उरकू नका. गेल्या दोन आठवड्यांत मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. उलट अनेकांना हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर एकट्यानं निभावू नका. सुपरवायझरशी त्याच दिवशी बोला, गरजेप्रमाणे मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. अशा वेळी इतरांशी बोलावं लागतं, ही गोपनीयतेची मर्यादा पहिल्या भेटीतच सांगितलेली असावी.

वही आता सेशनभर बंद असते; नोंदी नंतर लिहिते. निघताना विचारते, ‘आज माझं काही खटकलं का?’ एक जण चार वेळा ‘नाही’ म्हणाला. पाचव्यांदा म्हणाला, ‘तुम्ही मान वळवून घड्याळ बघितलंत, तेव्हा मी वडिलांबद्दल सांगणार होतो.’ मी माफी मागितली. पुढच्या भेटीत सुरुवात वडिलांपासून झाली आणि घड्याळ त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर होतं.